क्लाइव्हच्या दगडावरचा डाग

देव घासायला कोळलेली चिंच उरली आणि सुप्रभाताईंनी नको तो उद्योग करून ठेवला.

यंदा लक्ष्मीपूजन आणि रिमेम्ब्रन्स संडे, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार, एकाच दिवशी आले होते. शनिवारी सकाळी त्यांनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि दोन्ही समया चिंच-मीठ लावून लखलखीत केल्या. वाडग्यात बराच कोळ शिल्लक होता. टाकायचा कशाला, म्हणून तो डब्यात भरून त्या तडक चर्चच्या आवारात गेल्या, क्लाइव्हकडे.

क्लाइव्ह टेनंट म्हणजे ऑस्ट्रेलियाचा वीस वर्षांचा वायरलेस ऑपरेटर. १९४४ साली त्याचं बॉम्बर विमान धुक्यात गावामागच्या टेकडीवर आदळलं आणि पोराला इथेच पुरलं. इंग्लंडमधल्या लीड्सपासून अर्ध्या तासावरच्या या गावात सुप्रभाताईंचे यजमान शशिधर डॉक्टर निवृत्तीनंतर राहायला आले, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी सुप्रभाताई त्या थडग्यावरची पानं काढत, दगड पुसत. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे कोणीच येत नाही, एवढं कारण त्यांना पुरलं होतं. घरात त्या ‘आपला क्लाइव्ह’ म्हणत. डॉक्टर मात्र ‘तुझा क्लाइव्ह’ म्हणत.

आणि आता त्याच्याकडे कोणीतरी येत होतं. धाकटी बहीण डॉरथी, वय वर्षं ब्याण्णव, नातीला घेऊन थेट ऑस्ट्रेलियाहून. पहिल्यांदाच, आणि या वयात म्हणजे शेवटचंच. तिला भावाचं नाव स्वच्छ दिसायला हवं होतं.

चर्चची देखभाल करणाऱ्या माल्कमने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, साधं पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही. पण ते केमिकलबद्दल असणार, अशी बाईंनी आपली सोयीस्कर समजूत करून घेतली. चिंच काय केमिकल आहे?

आहे की! पितळेला जे मानवतं ते चुनखडीच्या दगडाला मानवत नाही. कोळ लागताच दगड बारीक फसफसला. बाईंना वाटलं, मळ निघतोय, म्हणून आणखी चोळला. पाणी ओतून पाहिलं तर नावाखाली वीतभर तपकिरी डाग, आणि हात फिरवावा तर खरखर. जितकं धुवावं तितका डाग पसरत गेला. शेवटी रिकामा डबा पिशवीत लपवून त्या घरी आल्या.

दुपारी माल्कमचा फोन आला.

“सुप्रभा, वाईट बातमी आहे. क्लाइव्हच्या दगडावर कुणीतरी घाण ओतलीय. भिंतीचं काम करणारे ते दोघे रोमानियन तिथेच चहा पीत बसतात ना, त्यांचंच काम. सोमवारी कंत्राटदाराला सांगून हाकलून देतो दोघांना.”

खरं सांगायची वेळ हीच होती. पण सुप्रभाताईंच्या तोंडून “ओह डिअर” एवढंच निघालं आणि फोन बंद झाला. अकरा वर्षांची पुण्याई आणि जीभ टाळ्याला चिकटलेली!

“अहो, मी सांगून टाकू का?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

“आर यू मॅड? त्या म्हातारीसमोर? तिला शॉक बसेल. आणि गावात आपली जी काही पत आहे ती सगळी जाईल. गप्प बस.”

“आणि त्या दोघांचं काम जाईल त्याचं काय?”

“त्यांना दुसरं मिळेल गं. चकल्या जळतायत बघ.”

चकल्या खरंच जळल्या.

रविवारी पावणेअकराला चर्चच्या आवारात चाळीसेक माणसं जमली. कोटांवर शहिदांच्या आठवणीची लाल पॉपीची फुलं, बिगुल हातात घेऊन उभा असलेला एक निवृत्त शिपाई. डॉरथी व्हीलचेअरमध्ये होती. सुकून काटकुळी झालेली, पण डोळे अगदी तल्लख. नातीने खुर्ची दगडासमोर आणली. म्हातारीने नाव वाचलं, मग नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

“हे काय आहे?”

माल्कम पुढे झाला. “मला फार लाज वाटते, डॉरथी. दोन परदेशी मजूर आहेत, उद्या हाकलतोय त्यांना. त्यांनी…”

“त्यांनी नाही,” सुप्रभाताई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. डॉक्टरांनी मागून कोपर ओढलं, ते त्यांनी सोडवून घेतलं. “मी केलं. आमच्याकडे सणाला देव चिंचेने धुतात. तुम्ही येणार म्हणून मी हा दगड तसाच धुतला. मला साधं पाणीच वापरायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि काल विचारलं तेव्हा बोललेही नाही.”

डॉरथीने मान वर केली, ओठ हलले, आणि नेमका तेव्हाच बिगुल वाजला. अकरा.

दोन मिनिटांचं मौन सुरू झालं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. फक्त म्हातारी सुप्रभाताईंकडे टक लावून पाहत होती. रागाने की कशाने, काही कळत नव्हतं. एका बहिणीचं उरलंसुरलं आपण नासवलं, असं मनात येऊन डोळे भरले, पण पुसायला हात उचलायची सोय नव्हती. कुणीतरी खोकलं. मिनिट संपता संपेना.

पुन्हा बिगुल वाजला.

“दिसायला वाईट दिसतंय,” डॉरथी म्हणाली. “माझा जीव जळला बघून, खोटं नाही सांगत.”

“हो,” सुप्रभाताई कशाबशा म्हणाल्या.

“ब्रशने घासलंस?”

“नाही. हातानेच.”

डॉरथी माल्कमकडे वळून म्हणाली, “त्या मजुरांना उद्या हाकलू नका.” माल्कमने मान डोलावली.

“क्लाइव्ह गेला तेव्हा आम्हाला पत्र आलं,” ती सांगू लागली. “सगळ्या मानाने पुरला, झेंडा होता, बिगुल होता, सगळं लिहिलं होतं. आईने उलट टपाली एकच विचारलं, पुरायच्या आधी माझ्या पोराला कुणी आंघोळ घातली का? तीन पत्रं पाठवली तिने. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. अखेरच्या आजारातही ती तेच विचारत होती.”

तिने हात पुढे केला. सुप्रभाताई खाली वाकल्या, तशी म्हातारीने त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या मांडीवर ठेवले आणि नातीला हाक मारली.

“फोटो काढ. घरी आईच्या फोटोशेजारी लावायचाय.”

“दगडाचा?” नातीने विचारलं.

“हातांचा,” डॉरथी म्हणाली.