हजारात आठशे ऐंशी

बाबांचा धंदा सोन्याचा कस सांगण्याचा. ते सोनं विकत नाहीत, घेतही नाहीत. काळ्या दगडावर रेघ ओढतात, तिच्यावर आम्ल सोडतात आणि हजारात किती भाग सोनं ते चिठ्ठीवर लिहितात. आकडा लिहून होईपर्यंत वस्तू कुणाची ते ऐकायचंसुद्धा नाही, हा त्यांचा नेम.

त्या दिवशी मात्र तो मोडला. परवाना खात्याचे साहेब आले; आमचं नूतनीकरण त्यांच्याच सहीवर अडलं होतं. त्यांनी पुडीतून एक नाणं काढलं. सरकारी टांकसाळीचं, कोरं करकरीत, त्यावर '९१६' उमटवलेलं.

"लोक कुरकुर करताहेत," साहेब म्हणाले. "तुमची चिठ्ठी मिळाली की तोंडं बंद."

बाबांनी रेघ ओढली. मग आणखी एक. आम्ल पडल्यावर दोन्ही जरा जास्तच फिकटल्या. त्यांनी नाणं माझ्याकडे सरकवलं. "काय शास्त्रज्ञबाई, तुमचं पाणी काय म्हणतंय?"

मी नाणं हवेत तोललं, मग पाण्यात बुडवून. तीनदा. मिसळ तांब्याची धरली तर घनता सतरा पूर्णांक सहा यायला हवी होती. ती सतराच्याही किंचित खाली आली.

"आठशे ऐंशी," बाबा म्हणाले.

"अहो, वर लिहिलंय की नऊशे सोळा!"

"लिहिलेलं तुमच्याकडे होतंच. मग माझ्याकडे कशाला आलात?"

"शिक्का सरकारचा आहे, पारखी."

"मारा की हवे तेवढे शिक्के. त्यानं आतलं सोनं वाढत नाही. आम्हाला तपासू द्या आणि कुणाचं ऐकायचं ते लोकांना ठरवू द्या."

"दुकान चालवायचंय ना?"

बाबांनी आकडा लिहिला, खाली अक्षरांतही लिहिला आणि सही केली. साहेब नाणं घेऊन गेले, चिठ्ठी तशीच टेबलावर राहिली; येणाऱ्याजाणाऱ्यानं ती वाचली.

चार दिवसांत खात्याची माणसं आमची पाटी उतरवून गेली. दारावर कागद चिकटला: विनापरवाना, येथील चिठ्ठी कोणत्याही कचेरीत ग्राह्य नाही.

"आता कोण येणार?" मी विचारलं.

"दार तर उघडू."

शनिवारी रांग शेजारच्या शिंप्याच्या पायरीपर्यंत गेली. शिंपी आधी वैतागला, मग बायकोची अंगठी घेऊन स्वतःच रांगेत उभा राहिला. रांगेच्या मधोमध, साध्या शर्टात, साहेब. हातात साखळी.

"आमच्याकडे परवाना नाही, साहेब."

"माहीत आहे. मीच अडवलाय." मग आवाज खाली आणत, "ही साखळी सासू—"

"थांबा. आधी आकडा."

रेघ, आम्ल, माझा तराजू. साहेब ओठ चावत उभे.

"नऊशे सोळा. आता सांगा कुणाची."

"सासूबाईंची."

"चोख आहेत सासूबाई."

बाबांनी इतरांइतकेच पैसे घेतले. कोणत्याही कचेरीत न चालणारी ती चिठ्ठी साहेबांनी चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवली, वरून दोनदा चाचपली. मी पुढच्या माणसाला आत बोलावलं. आवाज जरा मोठाच निघाला.