ठकीच्या पोटातला हातमोजा

ठकी या डॉल्फिनने काल मास्तरांचा रबरी हातमोजा गिळला. मोजा पोटाच्या पहिल्या कप्प्यात असेपर्यंत दुर्बिणीच्या नळीतून चिमटा घालून ओढता येतो. पुढच्या अरुंद कप्प्यात सरकला की पोट फाडायचं, आणि मग ती जगेलच असं कुणी सांगत नाही. म्हणून तिला उपाशी ठेवलं होतं.

ओल्या गादीवर ठकीने आपणहून जबडा उघडला. ती श्वास डोक्यावरच्या भोकातून घेते, त्यामुळे घशात नळी गेली तरी गुदमरत नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी आत सरकवून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर मासा होता. नळी वळवली, तर आणखी एक.

"भावोजी! हिला कुणी खायला घातलं?"

मास्तर, म्हणजे ठकीला शिकवणारे डॉक्टरीणबाईंचे धाकटे दीर, छताकडे पाहू लागले. "खायला नाही हो, वहिनी. तोंड उघडलं की मासा, असं वर्षभर शिकवलंय. सकाळी जरा सराव घेतला. उघडलं तिने. मग द्यायला नको?"

"कितीदा उघडलं?"

"शहाणी आहे ती. सारखी उघडत होती."

"तिच्या शहाणपणाबद्दल मला शंकाच नाही!"

मधेच मोज्याचं निळं बोट दिसलं. चिमटा पुढे गेला आणि हाती माशाची शेपटी आली. पुन्हा तेच. ठकी धडपडू लागली, तशी नळी काढावी लागली.

"आता मासे जिरेपर्यंत थांबा. तोवर मोजा सरकला तर मला वहिनी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. आणि एकही मासा देऊ नका!"

संध्याकाळी मास्तरांनी खूण केली. ठकीने जबडा उघडला, मासा मिळाला नाही, तसा मिटला. पुढच्या खुणेला तिने मान फिरवली. शेवटी तलावावरच्या सगळ्या माणसांनी मिळून टॉवेल अडकवून तिचा जबडा ओढून उघडला. ती शिट्ट्या मारत ओरडत होती.

"तिच्याकडे बघू नका, भावोजी. धरा!"

मोजा निघाला. चुरगळलेला, पण अख्खा.

पाण्यात सोडल्यावर मास्तरांनी मासा पुढे केला. ठकी पलीकडच्या भिंतीशी जाऊन राहिली, जबडा घट्ट मिटून.

"वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, वहिनी."

"गेली!" नळी धुता धुता त्या तडकल्या. "आज ती तुमच्या हातून खाणार नाही, माझ्या तर नाहीच. टॉवेल न धरलेलं माणूस शोधा."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. झाडून सगळ्यांनी धरला होता.