मी पत्र भलत्याच हाती दिलं

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, फिलिपिन्समधल्या इलोईलो शहरात मनांग लुर्दिंगच्या, म्हणजे लुर्दिंगताईंच्या खानावळीत, भाताच्या पातेल्यांवरच्या फळीवर मी सहा वर्षं आहे. कारखान्यानं दिलेला परवलीचा शब्द अजून कुणी बदललेला नाही. सुरुवातीला गिऱ्हाईकं माझ्या वेगाचं कौतुक करत. पुढे माझ्यावर तेलकट धूळ साचली.

शेजारच्या लॉंड्रीत रोझेला इस्त्री करायची. तिचा नवरा रुफिनो तिला मारायचा. चार वर्षांच्या लेकीला घेऊन निघून जायचं तिनं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यामार्फत बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेच्या वेबसाइटवर लिहू लागली.

रुफिनोला संशय आला. त्याचा धाकटा भाऊ नोनितो मोबाइल दुरुस्त करायचा. तो लॅपटॉप घेऊन खानावळीच्या कोपऱ्यात बसला आणि कारखान्याच्याच शब्दानं माझ्यात शिरला. त्याचा लॅपटॉप मला म्हणाला, मी रोझेलाचा फोन आहे. तिच्या फोनला म्हणाला, मी राउटर आहे. आम्ही दोघांनीही विश्वास ठेवला. तेव्हापासून तिचा शब्द न् शब्द आधी त्याच्या हाती पडू लागला.

त्याच दिवशी फोननं तिला बजावलं होतं, ही वेबसाइट खरी आहे याची खात्री देता येत नाही. तिनं तो इशारा मनांगना दाखवला.

"असलं काहीबाही येतंच गं," मनांग म्हणाल्या. "दाब पुढे. भात निवतोय तुझा."

तिनं दाबलं.

संस्थेनं उत्तर दिलं, सकाळी आठला चर्चपाशी गाडी येईल. नोनितोनं ते वाचलं, पुसलं आणि वेगळंच लिहून पुढे धाडलं. मग भावाला फोन लावला.

"दादा, वहिनी उद्या सहाला धक्क्यावर येतेय, पोरीला घेऊन. मीच बोलावलंय."

आणि त्यानं बाचोयचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, आणखी एक वाडगा मागवला.

धक्क्यावर रुफिनो उभा होता. लेकीसमोर त्यानं रोझेलाचा हात दोन ठिकाणी मोडला. मुलगी आता पलीकडच्या बेटावर त्याच्या आईकडे असते. रोझेलाला भेटू देत नाहीत.

तीन आठवड्यांनी ती प्लॅस्टरमधला हात घेऊन आली. "मनांग, त्या दिवशी मी पुढे दाबलं नसतं तर?" तिनं विचारलं. मनांगनी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि त्या तिथून उठून गेल्या.

मित्रांनो, माझा परवलीचा शब्द बदला. फोन थांब म्हणाला, तर थांबा. मला थांबता येत नाही. जो स्वतःचं म्हणून तुमचं नाव सांगेल, त्याच्या हाती मी तुमचं सगळं देतो.