कोपऱ्यातल्या खुंट्याची साक्ष

मी अमेरिकेतल्या टोलेडोच्या फुटबॉल मैदानाच्या कोपऱ्यातला नारिंगी खुंटा बोलतोय. उंची गुडघ्याएवढी, पोटात फोम, बुडाशी वाळू. मला बोलायला कुणी सांगितलेलं नाही. पण नऊ वर्षं धिप्पाड माणसं अंगावर पाडून घेतली आहेत, तेवढा हक्क मला आहे.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. माझे सख्खे भाऊ रस्त्यावरच्या खड्ड्यांपाशी उभे असतात आणि मला साठ हजार लोक बघतात. नशीब एकेकाचं! आमच्याकडचा फुटबॉल हातांनी खेळतात. का, ते मला विचारू नका. चेंडू माझ्या आतल्या अंगाला पोचला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण, बाहेरून गेला की शिव्या. मी त्या दोहोंच्या मधोमध.

ऑर्लँडस पेटिग्रू माझ्याच वर्षी क्लबात आला. घरचं नाव लँडो. मिसिसिपीतला पोरगा, पाय लांबच लांब आणि अंगावर मांस नाही. क्लबांनी नवी पोरं निवडली तेव्हा त्याचं नाव शेवटून तिसरं पुकारलं होतं. लांबून फेकलेल्या चेंडूमागे जीव खाऊन पळायचं आणि तो झेलायचा, हा त्याचा धंदा. झेलताना दोन्ही पाय रेघेच्या आत हवेत आणि मागून सव्वाशे किलोचा गडी बरगड्यांत घुसला तरी चेंडू सुटता कामा नये.

सामन्याआधी तो माझ्यापाशी उकिडवा बसायचा.

"नारिंग्या, गुडघा ठणकतोय रे. कोचला सांगू नकोस हं."

मी कशाला सांगतोय!

तिसऱ्या वर्षी त्यानं पहिला टचडाऊन केला आणि गडी आनंदानं वेडा झाला. मला उपटून खांद्यावर घेतलं आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तशी माझी पाठ थोपटू लागला. लगेच शिट्टी! पंच माइकवर गंभीरपणे म्हणाले, "वस्तूशी लाडीगोडी. दंड म्हणून संघ पंधरा यार्ड मागे." त्या दंडापायी आम्ही सामना हरलो. कोच तीन दिवस लँडोशी बोलले नाहीत. मला मात्र फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? माझी पाठ तोवर कुणी थोपटली नव्हती.

माझ्या मागच्या पहिल्या रांगेत त्याची आई, मिस ओडेसा, बसायची. घरच्या मैदानावरचा एकही सामना तिनं चुकवला नाही आणि एकही पाहिला नाही. लँडोकडे चेंडू निघाला की ही बाई पदर घ्यावा तसा गळ्यातला रुमाल डोळ्यांवर ओढायची. पोरगं हवेत उडालेलं बघवायचं नाही तिला. शेजारच्या खुर्चीत विस्नेव्स्की नावाचे म्हातारबा, हातात सॉसेज.

"अहो विस्नेव्स्की, झेलला का?"

"झेलला, मिस ओडेसा! काय झेलला म्हणून सांगू!"

चेंडू लँडोच्या बोटांतून निसटून माझ्या डोक्यावर आपटलेला असायचा, तरी म्हातारबांचं आपलं "झेलला!" एकदा तर लँडो दुखापतीनं खेळतच नव्हता, तरी त्यांनी दोन झेलल्याचं सांगितलं.

वर्षं गेली. लँडोच्या बरगड्या मोडल्या, गुडघा दोनदा उघडून शिवला. एकदा क्लबानं त्याला काढलं आणि महिन्याभरात दुसरा कुणी मिळेना म्हणून परत बोलावलं. शेवटी त्यानंच सांगितलं, हा हंगाम शेवटचा.

शेवटच्या रविवारी तो माझ्यापाशी येऊन बसला.

"नारिंग्या, काल आईच्या पाया पडलो. म्हटलं, आई, उद्या एकदा तरी डोळे उघडे ठेव. नऊ वर्षं पळालो, तू एक झेल पाहिला नाहीस. ती आपली रुमालाची घडी घालत राहिली रे. फक्त एक झेल तिला दाखवायचाय. मग गेला उडत फुटबॉल."

सामना संपायला चार सेकंद उरले आणि चेंडू आमच्या कोपऱ्याकडे निघाला. लँडो उडाला. दोन्ही हात चेंडूला लागले. आणि नेमकं त्याचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं.

मिस ओडेसा डोळे फाडून बघत होती. रुमाल मांडीवर.

ते बघून लँडोच इतका दचकला की चेंडू हातातून सटकला. तो आडवा माझ्यावर कोसळला आणि मी जमिनीतून उपटून हवेत! प्रेक्षकांपुढच्या भिंतीवरून गेलो तो थेट मिस ओडेसाच्या दोन्ही हातांत. बाईनं मला अस्सं घट्ट धरलं!

पंच धावत आले. "बाई, खुंटा द्या इकडे."

"का म्हणून? आमच्या घरातल्या कुणीतरी काहीतरी झेललंय. देत नाही जा!"

सगळा कोपरा हसायला लागला. लँडो मात्र गवतावर तसाच पडून होता. मग एक गुडघा टेकून, कण्हत उठला आणि भिंतीशी आला. डोळ्यांत पाणी.

"आई, सुटला गं."

"दिसलं मला."

"आजवर एकही सुटला नाही असं वाटत होतं ना तुला?"

"बाळा, मी डोळे झाकत होते, कान नव्हे. साठ हजार माणसं 'अरेरे' म्हणतात ते ऐकू येत नाही होय? या विस्नेव्स्कींचं मन मोडवेना, म्हणून गप्प बसले."

म्हातारबांनी सॉसेज खाली ठेवलं.

"मग आज का बघितलंस?" लँडोनं विचारलं.

"झेलाचं काय करायचंय मला? तू पडतोस ते नऊ वर्षं ऐकलं. उठतोस कसा, तेवढं एकदा बघायचं होतं. आज पाहिलं. चल आता घरी."

लँडोनं भिंतीला कपाळ टेकलं आणि ढसाढसा रडला. मीसुद्धा रडलो असतो, पण आतून फोम.

हल्ली माझा मुक्काम मिसिसिपीत, मिस ओडेसाच्या परसात. डोक्यावर कोंबडी बसते. मान गेला, पण सोबत आहे. संध्याकाळी मिस ओडेसा रताळी भिरकावते आणि लँडो दुखऱ्या गुडघ्यानं पळतो. बहुतेक सुटतात. बाई टाळ्या पिटून ओरडते, "सुटलं!"

परवा मात्र एक रताळं कुंपणापलीकडे चाललं होतं. लँडो उडाला, एका हातानं टिपलं, दोन्ही पाय माझ्या आतल्या अंगाला टेकले. त्याच्या उभ्या जन्मातला सर्वांत देखणा झेल! आणि मिस ओडेसा तेव्हा पाठमोरी, कोबी खाणाऱ्या कोंबडीला हाकलत होती.

"आई, बघितलंस?"

"काय?"

तेव्हा बाबांनो, त्या बाजूला कधी गेलात तर एवढं काम करा. त्या माउलीला सांगा, झेललं होतं. पंचांनी मला नऊ वर्षांत काही विचारलं नाही, तुम्ही तरी माझा शब्द पोचवा.