माझ्या पोटातली पणजी

मित्रांनो, चौदा वर्षं जुना फ्रीझर बोलतोय. साधा नव्हे, उणे ऐंशी अंशांचा. माझ्यात आइसक्रीम ठेवलं तर खायला छिन्नी लागेल. कारखान्यातून निघालो तो थेट फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत रुजू झालो. मुलाखत वगैरे नाही, सरळ प्लग.

रुचिरा पुण्याहून इथे पीएच.डी. करायला आली. पेशीतली प्रथिनं कोट्यवधी वर्षांत कशी बदलत गेली, हे ती शोधते. आजच्या प्रथिनांची घराणी जुळवून तिने त्यांच्या मूळ पूर्वजाचा अंदाज बांधला आणि आठ महिने खपून तो जिवाणूंकडून बनवून घेतला. शंभर कोटी वर्षांपूर्वीचं ते प्रथिन फक्त तीन नळ्या भरलं. नळ्यांवर तिने लिहिलं, ‘पणजी’. तिचा सगळा प्रबंध त्या तीन नळ्यांवर, म्हणजे माझ्यावर होता. मला दडपण आलं नाही. मी आहेच तसा भरवशाचा.

फक्त माझी मागची, हवा आत घेणारी जाळी तीन वर्षं कोणी साफ केली नव्हती. दिल्लीची धूळ तिथे कायमची राहायला आली होती. श्वास कोंडला की मी बीप करतो. जूनमधल्या एका शनिवारी केलं. शेजारी रुचिराच्याच लॅबमधल्या अंशुमनची ऑनलाइन मीटिंग चालू होती. त्याच्याही नळ्या माझ्याच पोटात होत्या. "यार, दो मिनट चुप," असं मला म्हणून त्याने अलार्म बंद केला. मीटिंग संपल्यावर तो घरी गेला.

रविवारी रुचिरा आईला पानिपतच्या लढाईचं स्मारक, काला अंब, दाखवायला घेऊन गेली. मराठी आई दिल्लीला आली की हे करावंच लागतं. त्या दिवशी पानिपत मात्र माझं झालं. बाहेर शेहेचाळीस, पोटात बत्तीस.

संध्याकाळी दोघी लॅबमध्ये आल्या. रुचिराने नळ्या हातात घेतल्या. त्या कोमट लागल्या तशी ती जमिनीवरच बसली.

आईने माझ्यात डोकावून पाहिलं. "आपला फ्रीज बंद पडला की मी दूध तापवून बघते. फाटलं तर फाटलं."

"आई, हे दूध नाहीये."

"प्रथिनच ना? मग तापव."

वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून रुचिराने एक नळी घेतली. अंशुमनला फोनवर विचारून माझ्यातलीच त्याच्या आजकालच्या प्रथिनाचीही एक घेतली. दोन्ही सत्तर अंशांवर ठेवल्या. अंशुमनचं पनीर झालं. पणजी नितळ राहिली. मग पणजी अजून किती काम करते ते रुचिराने मोजलं. पहिल्या दिवशी होतं तेवढंच भरलं.

"आई, हिला काहीच झालं नाहीये. हिच्या काळी जग गरमच असणार."

"बरं. आता जेवायला चल."

त्यावर आता प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं आहे. तापमानवाढ ‘अनियोजित’ होती, एवढंच त्यात लिहिलंय. माझं नाव नाही. चालतं.

अंशुमनच्या दोन वर्षांच्या नळ्या मात्र गेल्या, मित्रांनो. आता दर सोमवारी तो दाढीच्या ब्रशने माझी जाळी साफ करतो. मी पुन्हा उणे ऐंशीवर आहे. तुमच्या घरचं एखादं यंत्र ओरडायला लागलं, तर बटण दाबण्याआधी त्याच्या मागे जाऊन बघा. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही.