फॉर्मवरचा सातवा प्रश्न

दाताच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलं की हातात एक फॉर्म येतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, वगैरे. या दवाखान्याच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता : कावीळ किंवा यकृताचा आजार? तिथं ‘हो’वर खूण दिसली की काउंटरवरची ताई वही चाळल्यासारखं करी आणि मऊ आवाजात म्हणे, “या महिन्यात जागाच नाही हो. पुढच्या महिन्यात बघू.”

रात्री जेवताना ती हे रंगवून सांगायची. “आज पुन्हा एक सातवा नंबर आला होता. लावला वाटेला.” आई हसायची. बाबा शिंपीकाम करायचे. ते खाली मान घालून जेवत राहायचे. दोरा दातानं तोडायची त्यांची जन्माची सवय. हल्ली मात्र ते कात्री शोधायचे. कोणी विचारलं नाही.

मग बाबांना ताप आला, पाय सुजले, आणि यकृताच्या डॉक्टरांसमोर सगळं बाहेर पडलं. सहा वर्षांपूर्वी रक्तदान करायला गेले, तेव्हाच त्यांना रक्तातून पसरणारी बी प्रकारची कावीळ असल्याचं कळलं होतं. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

“काका, तोंड उघडा बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. बॅटरीच्या उजेडात हिरड्या जांभळ्या दिसत होत्या. कापसानं दाबल्यावर पू आला.

“आजार यकृताचा आहे ना?” लेकीनं विचारलं. “मग तोंडात काय बघताय?”

“तोंड काय वेगळ्या माणसाचं आहे?” बाई म्हणाल्या. “हिरड्यांतले जंतू थुंकीबरोबर पोटात जातात, काही रक्तात शिरतात. आतड्यांकडून येणारं रक्त यकृतातच गाळलं जातं. धडधाकट यकृत निभावून नेतं. यांचं विषाणूनं पोखरलंय. आणि आजारानं अंगातली राखण ढिली पडली की तोंडातले जंतूही माजतात. एकमेकांना खतपाणी घालतात. किती, ते अजून अभ्यासलं जातंय. पण एवढा पू ठेवून मी वाट बघणार नाही. चार दिवसांत हिरड्यांवर उपचार करून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करा.”

बाहेर बाकावर ती बाबांशेजारी बसली. “मी दाताच्या दवाखान्यात काम करते, बाबा. एका शब्दानं बोलला नाहीत?”

“फॉर्म भरावा लागला असता.”

“मग?”

“खोटं लिहायला हात धजला नसता. आणि खरं लिहिलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मी रोज ऐकत होतो.”

आपल्या दवाखान्याच्या दंतवैद्य मॅडमना विचारायची हिंमत होईना, म्हणून तिनं दुसऱ्या दोन दवाखान्यांत फोन लावला. कावीळ म्हटल्यावर दोन्हीकडून तोच मऊ आवाज आला. जागा नाही हो.

दुसरी वाट उरली नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी बाबांनी तिच्याच काउंटरवर फॉर्म भरला. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं. मग त्यांनी ‘हो’वर ठसठशीत खूण केली. तो फॉर्म तिनंच आत नेला.

मॅडमनी तो वाचला. “वडील?”

“हो.”

“तीन वर्षांत अशी खूण मी पहिल्यांदा बघतेय. बाकीचे कुठे गेले?”

“तुम्हीच म्हणाला होतात, असले नकोत म्हणून.”

“एकदा म्हणाले होते. खूप गर्दी होती तेव्हा.” मॅडमनी फॉर्म टेबलावर ठेवला. “आणि नंतर कधी विचारलं नाही, कारण ते माझ्या सोयीचं होतं.” त्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात घेतला. “हातमोजे, वाफेवर निर्जंतुक केलेली हत्यारं, सगळं प्रत्येकासाठीच असतं. ज्याला आपला आजार माहीतच नाही, तो ‘नाही’ लिहून याच खुर्चीत बसून जातो. हा प्रश्न आहे तो रक्तस्राव सांभाळायला, औषध बेतून द्यायला. आण त्यांना आत.”

बाबा आत गेले. दार लोटलं गेलं, यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला, आणि तिनं कपाटातले जुने फॉर्म खाली काढले. सातव्यावर खूण असलेले अकरा निघाले. पहिला नंबर तिनं लावला.

एका बाईनं उचलला. “बाबा गेले गेल्या वर्षी. काय काम होतं?”

तिनं खरं काय ते सांगितलं, काही न लपवता. माफी मागितली.

“तुमच्याकडून परत आल्यावर ते दातासाठी पुन्हा कुठे गेले नाहीत,” ती बाई म्हणाली. “लाज वाटली त्यांना. असू दे. तुम्ही पुढचा नंबर लावा. तो माणूस असेल अजून.”

तिनं पुढचा नंबर लावला.

मंडळी, माणूस आपला आजार खरा सांगतो तो आपल्या भरवशावर. त्या खरेपणाची शिक्षा आपण त्याला दिली, की आपल्या घरातली माणसंही आपल्यापासून दुखणं लपवू लागतात. काउंटरच्या कुठल्याही बाजूला असलो, तरी एवढं आपण विसरता कामा नये.