कपाटातलं हिमाचल

शेतकऱ्याचं पोरगं कुठेही जावो, काहीही शिको, माती त्याला एक दिवस हाक मारतेच. रितेशला तिने ऑनलाइन मारली. माती पिशवीतून आली आणि तिच्यासोबत एलईडी दिव्यावर सूट मिळाली.

बी मात्र ओळखीतून आलं. इंदूरच्या होस्टेलातल्या योगेंद्र नावाच्या मित्राने ते कुरिअर केलं होतं. "हिमाचल का माल है भाई, एकदम ओरिजिनल," असा त्याचा निरोप होता. रितेशचं बीबीए झालेलं होतं, नोकरी लागायची होती आणि बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या घराच्या माडीवर त्याला स्वतंत्र खोली होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला काहीतरी सुचतं. रितेशला गांजा सुचला. विकायला नव्हे. विकण्याइतका उद्योगीपणा अंगात असता तर नोकरीच लागली असती. त्याला फक्त इंदूरच्या दोस्तांना फोटो पाठवायचे होते. पुढे जमलं तर ओढायचं.

खोलीत वडिलांचं एक बुटकं लोखंडी कपाट होतं. त्यातले पंपाच्या मोटारीचे जळके स्टार्टर काढून रितेशने आतून मिठाईच्या डब्यांतले चंदेरी कागद चिकटवले, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला आणि साड्या वाळवायच्या दोरीने दिवा टांगला. हे सगळं तो एका अमेरिकन माणसाच्या व्हिडिओवरून शिकला होता. त्या माणसाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. बुऱ्हाणपुरात मे महिना होता. पहिल्या खेपेची रोपं पापडासारखी भाजली. मग रितेशने कूलर कपाटाकडे वळवला आणि स्वतः घामात झोपू लागला. त्याने आयुष्यात एवढा त्याग कुणासाठी केला नव्हता.

दुसरी खेप तरारली. पाच बोटांची कातरलेली पानं, लालसर देठ. रितेश तासन् तास बघत बसायचा.

एका दुपारी त्याचे वडील आत्मारामभाऊ जुना स्टार्टर शोधायला माडीवर आले. उन्हामुळे खिडक्या बंद, खोलीत अंधार, आणि कपाटाच्या फटीतून जांभळा उजेड बाहेर सांडलेला. रितेश कपाटाला पाठ लावून उभा राहिला. आता संपलं, असं त्याला वाटलं.

"रित्या," आत्मारामभाऊ हळूच म्हणाले, "टिशू कल्चर?"

आत्मारामभाऊंची दापोऱ्याला केळी होती. टिशू कल्चरची रोपं आणायला ते एकदा जळगावकडच्या एका लॅबमध्ये गेले होते. तिथे काचेआड अशाच जांभळ्या उजेडात केळीची इवली रोपं ओळीने बसलेली त्यांनी पाहिली होती. या मुलखात जांभळ्या उजेडाचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नव्हता.

"हो," रितेश म्हणाला.

"उघड बरं."

"नको बाबा! इन्फेक्शन होतं."

आत्मारामभाऊ दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी चपला काढल्या. लॅबमध्येही हेच सांगितलं होतं, चपलाही काढायला लावल्या होत्या. मुलगा खरंच शिकला, याचा त्यांना तो पहिला पुरावा मिळाला.

त्या दिवसापासून घराची तऱ्हा पालटली. इन्व्हर्टरवर फक्त कपाट चालू लागलं. लाइट गेली की आई, भागीरथीबाई, अंधारात पोळ्या लाटायच्या. "लाटू दे, पोराचं पीक आहे," असं आत्मारामभाऊ म्हणायचे. केळीच्या मंडीत ते आपणहून विषय काढायचे. "माझं पोरगं घरीच रोपं करी राह्यलं ना, लॅबसारखी!" 'माझं पोरगं' हे शब्द रितेशने त्यांच्या तोंडून आजवर फक्त तक्रारीत ऐकले होते. त्यामुळे रोपं उपटून टाकावी असं रोज ठरवूनही त्याच्याने ते होईना. उपटली तर बाबांना काय दाखवायचं? आणि ठेवली तर?

हा प्रश्न मंडीनेच सोडवला. रविवारी दापोऱ्याचे कौतिककाका रोपांचं बुकिंग करायला आले. सोबत त्यांचे दोस्त यादव होते. यादवांच्या सासरची इच्छापूरकडे जमीन होती, त्यांनाही रोपं हवी होती. एरवी ते हवालदार होते, आणि ड्युटीवरून परस्पर आल्यामुळे वर्दीतच होते.

"बाबा, आज नको. इन्फेक्शन..."

"अरे, पाव्हण्यांनी आंघोळ केलेली आहे," आत्मारामभाऊ म्हणाले. "चपला काढा हो. साहेब, बूटही."

हवालदाराने बूट काढले. कपाट आत्मारामभाऊंचंच होतं, त्यामुळे दुसरी किल्ली त्यांच्या करदोट्याला होती. ती त्यांनी लावली.

जांभळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आत्मारामभाऊ," यादव म्हणाले, "ये केला तो नहीं है."

यादवांनी एका पानाखाली बोट धरलं.

"ही पानं बघा. पाच बोटं. अहो, जिंदगी गेली माझी हा माल पकडण्यात." त्यांचा हात फोनकडे गेला. "बेटा, ये क्या लगा रखा है?"

रितेशला जेल दिसली, मंडी दिसली, आणि मंडीत खाली मान घालून बसलेले बाबा दिसले. आत्मारामभाऊ मात्र वाकले होते. त्यांनी एक पान खुडलं.

"इन्फेक्शन," रितेशच्या तोंडून सवयीने निघालं.

आत्मारामभाऊंनी पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. मग एक कौतिककाकांना दिलं. काकांचा एक डोळा मिटला.

"आंबट," काका म्हणाले.

"अंबाडी," आत्मारामभाऊ म्हणाले.

यादवांनी पुराव्यादाखल एक पान खाल्लं. मग आणखी एक खाल्लं. "हाव. अंबाडीच है."

शहाण्या माणसाने इथे देवाला हात जोडले असते. पण रितेश त्या रोपांसाठी अख्खा उन्हाळा घामात झोपला होता. "अंबाडी कशी असेल?" तो ओरडला. "ओरिजिनल आहे ती! हिमाचलची! देठ बघा ना कसा लाल आहे!"

"अंबाडीचा देठ लालच असतो रे बापा," जिन्यातून भागीरथीबाई म्हणाल्या. "खातोस ना दर आठवड्याला?"

"खातो. पण ताटात तिला पानं कुठे असतात?"

"रुको रुको," यादव म्हणाले. त्यांचा हात पुन्हा फोनकडे गेला. "हिमाचलची म्हणजे? काय म्हणून मागवली होती?"

आत्मारामभाऊंनी मुलाकडे पाहिलं. कुलूप, इन्फेक्शन, उजेड, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकलं. रितेशने मान खाली घातली.

"अंबाडी म्हणूनच," आत्मारामभाऊ सावकाश म्हणाले. "माझं पोरगं कपाटात लाइट लावून अंबाडी पिकवतं."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत मंडीत पोचणार होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

"पण भो, लाइट कायले?" कौतिककाका कळकळीने म्हणाले. "बांधावर फुकट येते ना!"

"संशोधन आहे," आत्मारामभाऊ म्हणाले.

यादवांनी बूट घातले. "अंबाडीला कलम नाही," ते म्हणाले, आणि जरा निराश होऊनच जिना उतरले. पाठोपाठ कौतिककाकाही गेले.

आत्मारामभाऊंनी दिव्याचं बटण बंद केलं. मग मुलाला विळी आणायला सांगितली. भागीरथीबाईंनी सगळं पीक चिरलं आणि लसणाची फोडणी दिली.

शिजल्यावर भाजी वाटीभर झाली. तिघांना पुरली नाही.